थोरल्या घरचा टिळा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती गेली त्याला नऊ वर्षं झाली, आणि तिच्यापासून लपवलेल्या गोष्टी माझ्याजवळ दोनच होत्या. दुसरी अगदीच किरकोळ होती. मुलांना तर नाहीच. मुलं मला मान देतात, आणि या वयात तेवढी एकच गोष्ट माझ्याजवळ शाबूत उरली आहे. मग तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा माझंच घाईवर आलंय म्हणून असेल — अठ्ठ्याऐंशी संपतील आता.

आधी एक सांगून टाकतो. मी गर्विष्ठ माणूस आहे. होतो असं नाही, आहे. कबुली द्यायला बसलोय म्हणजे खाली मान घालून, पडेल आवाजात बोलेन, असं समजू नका. आमचं घराणं पैनगंगेच्या अलीकडचं, भीमपूरच्या अंगाचं, देशमुखांचं. सोळा पिढ्यांची नावं मी झोपेतून उठवलंत तरी ओळीने म्हणून दाखवीन. तुम्हाला पणजोबांच्या वडिलांचं नाव सांगता येतं का? राग मानू नका, सहज विचारलं. निजामाचं राज्य, मग हैदराबाद राज्य, मग आंध्र, आणि आता तेलंगण — एका जागी बसून मी चार राज्यं पाहिली. कचेरीतली भाषा दर वेळी बदलली. आमचं घर होतं तिथेच राहिलं.

त्या सोळा नावांतलं पहिलं नाव रुद्राजी नाईकांचं. त्यांच्याविषयी बोलायला लागलो की माझा आवाज अजून चढतो, आणि नातवंडं एकमेकांना कोपर मारतात. रुद्राजी गोंड राजाच्या पदरी होते. पैनगंगेचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा, त्यांच्या ताब्यात. पावसाळ्यात पाणी चढलं की ते अंबाडीचा मनगटाएवढा दोर या काठापासून त्या काठापर्यंत ताणून बांधत, आणि त्यांची माणसं दोर धरून पलीकडे जात. दुसऱ्या कोणाची टाप नव्हती. फौज कोणाचीही असो, उतारावर आली की रुद्राजींना विचारल्यावाचून पुढे जायची सोय नव्हती. एकदा भर पुरात दोराची गाठ सुटली. रुद्राजींनी दोर उजव्या हाताला गुंडाळला आणि शेवटचा माणूस पार होईपर्यंत सोडला नाही. त्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पुढे गोंड राजाचा जोर ओसरला, बादशाही आली, आणि रुद्राजी तिकडे गेले. याला कोणी फितुरी म्हणेल. मी म्हणत नाही. सीमेवरच्या माणसाला दोन्हीकडे बघूनच जगावं लागतं, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? बादशाहीने त्यांना देशमुखी दिली, आणि तिथून आम्ही सुरू झालो.

त्यांच्या संसाराविषयी घरात एवढंच सांगत — मुलगे दोन. थोरला डोंगरात गेला तो परत आला नाही, धाकट्याने देशमुखी चालवली. आम्ही धाकट्याचे. थोरला डोंगरात कशाला गेला, हे कोणी विचारत नसे. मीही विचारलं नव्हतं.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण त्याच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावापासून कोसभरावर डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी तेव्हा गोंडांची वीस-बावीस घरं होती. त्या वस्तीला सगळे गुडा म्हणत. गुड्याचा म्होरक्या लच्चू पटेल. दसऱ्याला आमच्या दारात गादी घालत, गाव आपट्याची पानं घेऊन जमे, पण लच्चू आल्याशिवाय माझे वडील गादीवर बसत नसत. ताटकळत उभे राहत, तेही अनवाणी. लच्चू सावकाश यायचा. खांद्यावर घोंगडी, हातात पळसाच्या पानाचा द्रोण. द्रोणात त्यांच्या डोंगरपायथ्याच्या शेतातली तांबडी माती, पाण्यात कालवलेली. वडील मान वाकवत, तो अंगठ्याने त्यांच्या कपाळाला मातीचा टिळा लावे, आणि मग वडील गादीवर बसत. मगच सोनं वाटायचं. का? विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर — रीत आहे.

आणखी एक. सगळा मुलूख वडिलांना देशमुखसाहेब म्हणे. लच्चू त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण तो त्यांना ‘नारायणा’ म्हणायचा. एकेरी. आणि वडील त्याला दादा म्हणत. “ये दादा, तुहीच वाट पाहून राह्यलो” — हे देशमुखाच्या तोंडी, चारचौघांत, गुडघ्यावर धोतर नेसलेल्या माणसाला. वडिलांना त्यात काही वाटत नसे. ते साधे होते, किंवा माझ्यापेक्षा मोठे होते, दोन्ही असेल. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

शिकायला मला हैदराबादेत ठेवलं होतं. तिथल्या वसतिगृहात मराठवाड्यातल्या मोठमोठ्या घरांतली मुलं होती. मी रुद्राजींची गोष्ट रंगवून सांगायचो — दोर, पूर, बोटं. ती मुलं ऐकून घेत आणि मग विचारत, याला कागद काय? कागद नव्हता. वडिलांना तर मोडी वाचताही येत नसे. मी गावच्या कुलकर्ण्यांकडून लहानपणी शिकलो होतो, पण घरच्या पेटीला कोणी हात लावू देत नसे. एकदा आमच्याकडचं कोणीतरी भेटायला आलं आणि दसऱ्याची रीत बोलून गेलं. झालं. त्या दिवसापासून मला ‘गोंडांचा देशमुख’ म्हणायला लागले. जेवायला बसलो की कोणीतरी ताटातली आमटी बोटावर घेऊन शेजाऱ्याच्या कपाळाला लावायचा आणि सगळी पंगत हसायची. तुम्हाला हे पोरकट वाटेल. पोरकटच होतं. पण मी दोन वर्षं ते गिळलं, आणि राग त्या मुलांवर काढता येईना म्हणून लच्चूवर साठवत गेलो.

मी शिक्षण अर्धवट सोडून घरी आलो तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. जहागिऱ्या गेल्या, वतनं जाणार हे दिसत होतं. नवे साहेब गावोगाव फिरून कोणती जमीन कोणाच्या वहिवाटीत आहे ते लिहून घेत होते. ज्याच्याकडे कागद असेल त्याने दाखवायचा. ज्या जमिनीला मालक ठरत नाही ती जंगलात धरायची. आमच्या शेतांचे कागद होते. डोंगरपायथ्याची जमीन त्यांत कुठेच नव्हती, आणि गुड्याजवळ तर कसलाच कागद नव्हता. पिढ्यान्पिढ्या ते तिथे ज्वारी पेरत होते, एवढंच.

लच्चू वडिलांकडे आला. मी तिथेच होतो. दसरा नसताना तो आमच्या दारात आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. ओट्यावर न बसता उभ्याउभ्याच म्हणाला, “नारायणा, आमच्या जमिनीचा कागद तुमच्या घरी हाय. माहा बाप सांगे, त्याचा बाप सांगे. तुह्या पोराले वाचता येते. पाहाले सांग.”

वडील माझ्याकडे वळले. “बापू, पेटी पाहून घे. निघंल ते दादाले देऊन टाक.”

हे शब्द लक्षात ठेवा. निघंल ते देऊन टाक. वडिलांनी मला कुठेही अडवलं नव्हतं. पुढे जे झालं त्यात त्यांचा काडीचाही भाग नाही.

पेटी मोठी होती, कागद पोत्याने. तीन दिवस मी वाचत बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तळाशी मेणकापडात गुंडाळलेला कागद निघाला. अक्षर जुनं, शाई तपकिरी झालेली, पण लागत होतं. आणि खाली गेरूने उठवलेला हाताचा पंजा. उजवा. अंगठा आणि दोन बोटं. पुढे बोटांच्या जागी काही नाही.

मला काय झालं ते कसं सांगू? मी रडलो. बावीस वर्षांचा बाप्या, पेटीला टेकून रडलो. सगळं खरं होतं. दोर खरा, पूर खरा, बोटं खरी. मी माझा हात त्या पंजावर ठेवून पाहिला — त्यांचा हात माझ्यापेक्षा मोठा निघाला. त्या क्षणी हैदराबादची ती सगळी पंगत माझ्यासमोर असती तर? आजही मला त्या दुपारचा अभिमान वाटतो. तो अभिमान मी परत करणार नाही, मागू नका.

मग मी डोळे पुसून कागद वाचला.

रुद्राजींच्या बायका दोन. पहिली गोंड सरदाराची मुलगी. लग्न राजाने स्वतः पुढे होऊन लावलेलं. थोरला मुलगा तिचा. दुसरी नदीपलीकडच्या मराठ्यांच्या घरातली. धाकटा तिचा. राज्य बदललं, आणि नव्या दरबारात गोंडणीच्या मुलाला देशमुखी मिळेना. तेव्हा रुद्राजींनी पंच बसवून वाटणी केली. देशमुखी धाकट्याने चालवावी. डोंगरपायथ्याची जमीन, चारी बाजूंच्या खुणांसकट, थोरल्याच्या वंशाने खावी. तिच्यावर धाकट्याचा हात नाही. आणि वडीलपण थोरल्याचंच राहील. त्याची आठवण म्हणून धाकट्याने दर दसऱ्याला थोरल्या घरच्या हातून त्याच जमिनीच्या मातीचा टिळा घ्यावा, आणि तो घेतल्यावाचून गादीवर बसू नये. त्याखाली थोरल्याचं नाव, त्याच्या मुलांची नावं, आणि पंजा.

थोरला डोंगरात हरवला नव्हता. कोसभरावर राहत होता. आम्ही त्याला दर वर्षी भेटत होतो.

तुम्ही म्हणाल, मग यात वाईट काय? काहीच नाही. माझ्या जागी वडील असते तर हसत बाहेर गेले असते आणि लच्चूला मिठी मारली असती. मी तिथेच बसून राहिलो. मला ती आमटी आठवत होती. त्या मुलांनी जे म्हटलं होतं ते खरं निघालं होतं, नव्हे, त्यांना सुचलं नसतं इतकं खरं. आम्ही सोळा पिढ्यांचे देशमुख, आणि घरात धाकटे. आमच्यापेक्षा मोठा कोण, तर लच्चू. माझ्या रुद्राजींची पहिली बायको गोंडीण. कागद दाखवला की हे सगळं साहेबाच्या दप्तरात चढणार, सगळ्या मुलखाला कळणार. मी कागद परत मेणकापडात गुंडाळला आणि माझ्या ट्रंकेत, कपड्यांखाली ठेवला.

जाळला का नाही? जाळता आला नाही. पंजा होता ना त्याच्यावर. जगात रुद्राजींची तेवढी एकच खूण, ती मी माझ्या हाताने कशी जाळणार? म्हणजे बघा — लपवलाही गर्वाने आणि जपलाही गर्वानेच.

वडिलांना सांगितलं, तसा कागद काही निघाला नाही. ते म्हणाले, नीट पाहिलं ना? मी हो म्हटलं. त्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता.

साहेबाने आमच्याकडे शजराही मागितला होता. शजरा म्हणजे वंशावळ — निजामाच्या काळापासून कचेरीत हाच शब्द. तो मी लिहिला, सुंदर अक्षरात. रुद्राजींना एक बायको दाखवली. थोरला मुलगा गाळता आला नाही, कारण घरात सगळ्यांना माहीत होतं की होता. म्हणून त्याच्या नावापुढे मी एक शब्द लिहिला — लावलद. ज्याचा वंश पुढे चालला नाही, त्याच्यापुढे कचेरीत हा शब्द लिहितात. गुड्यात तेव्हा शंभरावर माणसं असतील. चुली पेटत होत्या, पाळणे हलत होते. मी लिहिलं लावलद, आणि शाई वाळू दिली.

मग चावडीवर चौकशी झाली. साहेब उर्दू शिकलेला, सभ्य माणूस होता. त्याच्याविषयी वाईट बोलायला माझ्याजवळ काही नाही. गुड्याची सगळी माणसं आली होती, बायकांसकट. साहेबाने लच्चूला कागद विचारला. लच्चू म्हणाला, कागद आपल्या हाती नाही, पण आपला प्रधान सांगेल. प्रधान म्हणजे गोंडांच्या घराण्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवणारा आणि गाऊन सांगणारा माणूस. म्हातारा उठला, त्याने कीकरी छातीला लावली, तारांवरून गज फिरवला आणि गायला लागला. गाणं गोंडीत होतं. मला गोंडी पुरती येत नाही, पण नावं कळत होती. त्याने रुद्राजी म्हटलं. उतार म्हटला, दोर म्हटला. तीन बोटं वर करून दाखवली. मग थोरल्याचं नाव, मग त्याच्या मुलांची नावं — कागदावर होती तीच, त्याच क्रमाने. आमच्या घराने जी नावं विसरून टाकली होती ती त्या म्हाताऱ्याने एकाही चुकीशिवाय म्हटली. चावडीत तेव्हा गुड्याबाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होतं की गाणं खरं आहे. मला.

साहेबाने गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “गाना अच्छा है, मगर गाने पर ज़मीन कैसे लिखूँ?” आणि माझ्याकडे वळला. मी शिकलेला, खुर्चीवर बसलेला. “आप तो पढ़े-लिखे हैं। घर में इनका कोई कागज़ है?”

वडील माझ्या बाजूलाच होते. लच्चू समोर. मी म्हणालो, “नहीं साहब। कुछ नहीं है।”

माझा आवाज कापला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कापला होता.

डोंगरपायथा जंगलात गेला. उन्हाळ्यात गुडा उठला. वडिलांनी लच्चूला आमच्या नदीकाठच्या शेतात घरं बांधायला सांगितलं, पण तो नको म्हणाला. दुसऱ्याच्या जमिनीवर आपली माणसं गडी होतात, म्हणाला. काही घरं गुडीहत्नूरच्या पलीकडे नातलगांत गेली, लच्चू त्यांच्यासोबत. काही तरणी पोरं पुढे बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत लागली. डोंगरपायथ्याला सागाची रोपं लागली. आता तिथे एवढं दाट रान आहे की घरं कुठे होती ते मला सांगता येणार नाही.

वडील त्याच श्रावणात तापाने गेले. आजारपणात त्यांनी दोनदा विचारलं, दादाच्या कागदाचं काही झालं का. मी म्हणालो, बघतो.

पुढची वर्षं माझ्या मोठेपणाची. खरंच सांगतो, मोठेपणाचीच. भाषावार प्रांत झाले तेव्हा किनवट मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही आंध्रात राहिलो. त्याआधी गावोगाव सभा झाल्या. मी बोलायचो. तो शजरा मी सोबत ठेवायचो आणि उघडून दाखवायचो — आम्ही सोळा पिढ्यांचे मराठी, आमच्या रक्तात दुसरं काही नाही. लोक टाळ्या वाजवत. माझं भाषण चांगलं होतं. नदीच्या दोन्ही काठांवर माझं नाव झालं. ते नाव मी अजून मिरवतो, लग्नाकार्यात पहिल्या पंगतीला बसवतात.

कागद साठ-पासष्ट वर्षं ट्रंकेत आहे. कोणत्याही दिवशी काढता आला असता. पहिल्या वर्षी काढला असता तर अपील होतं. दहाव्या वर्षी काढला असता तर कदाचित काही झालं असतं. विसाव्या वर्षी निदान लच्चूची मुलं होती. मी दर दिवाळीआधी तो काढायचो, वाळवी लागू नये म्हणून त्यात कडुनिंबाचा नवा पाला घालायचो, पंजावर हात ठेवायचो आणि परत ठेवायचो. माझा हात आता त्यांच्या पंजाएवढा दिसतो. सुजला आहे, म्हणून.

लच्चूची नात शाळेत मास्तरीण आहे, गुडीहत्नूरकडे. गेल्या आठवड्यात मी तिला निरोप धाडला. कागदाची बालबोध नक्कल मी स्वतः केली आहे, काना-मात्रेचाही फरक न करता, लावलद ज्याच्यापुढे लिहिलं त्याच्या मुलांच्या नावांसकट. सोमवारी ती येईल. दोन्ही तिच्या हातात देईन. त्याने जमीन परत येत नाही, एवढी अक्कल मला आहे.

पण मी अजून खरं सांगितलेलं नाही. इतका वेळ फिरतोय आणि तिथे जायचं टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कागद लपवला, खोटं लिहिलं, चावडीवर नाही म्हटलं — हे मी तुम्हाला सांगू शकलो. हे राहिलं आहे.

वडील गेले त्या वर्षीचा दसरा. गादी माझी, पहिल्यांदाच. गुडा उठून गेलेला, म्हणजे आता कोणी येणार नाही, ही रीत आपोआप संपली, असं मी मनाशी धरून होतो. हैदराबादेहून आणलेले नवे बूट घातले होते. गाव जमलं. मी गादीकडे वळलो, आणि कोणीतरी म्हणालं, थांबा, दादा येऊन राह्यला.

तो रस्त्याने सावकाश येत होता. खांद्यावर तीच घोंगडी, हातात द्रोण. गुडीहत्नूरपलीकडून दोन दिवस चालत आला होता. आधी डोंगरपायथ्याला गेला होता. तिथे आता राखणदार बसत असे, आणि त्याने त्याला मूठभर माती घेऊ दिली होती. आमच्याच आडावर त्याने ती कालवली. माझ्यापुढे येऊन उभा राहिला. माझ्या पायांकडे बघत राहिला. मला कळायला वेळ लागला. मग मी वाकून बूट काढले.

“नारायण गेला, समजलं,” तो म्हणाला. आणि मग फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू, “कागदाचं तुले ठाव, बापू. टिळा देनं माहं काम हाय. ते मी करून राह्यलो.”

त्याला माहीत होतं. प्रधानाचं गाणं त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. त्याला माहीत होतं की कागद असलाच तर आमच्या घरी आहे, आणि मी पेटी पाहिली आहे. तरी तो आला. कोणासाठी? माझ्यासाठी नव्हे. मोठ्या घराने आपलं काम चुकवायचं नसतं म्हणून. सोळा पिढ्यांचा अभिमान सांगणारा मी, आणि अभिमान म्हणजे काय ते करून दाखवणारा माझ्यासमोर उभा होता. कागद माझ्या मागे घरात होता, वीस पावलांवर. सगळं गाव जमलेलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं.

मी मान वाकवली. माती गार होती. अंगठा खरखरीत. त्याने टिळा नीट, सावकाश लावला, वडिलांना लावायचा तसा, आणि द्रोण माझ्या हाती दिला. मी गादीवर बसलो आणि सोनं वाटायला लागलो. ज्यांची जमीन मी घालवली त्यांच्या जमिनीची माती संध्याकाळपर्यंत माझ्या कपाळावर होती, आणि लोक माझ्या पाया पडत होते.

तो त्यानंतर आणखी सहा दसरे आला. सहाही वेळा मी बूट काढले, मान वाकवली, टिळा घेतला आणि गादीवर बसलो.